इंजिन नसलेल्या गाडीचा नंबर

मोटारसायकलच्या मागे जोडायचे छोटे ट्रेलर म्हणजे एक खोका, एक आस, दोन चाके आणि जोडणीचा दांडा. त्याला इंजिन नाही, ते आपणहून वीतभरही पुढे सरकत नाही. अशा वस्तूला सरकारने नंबर द्यावा आणि मालकीचे कागद करायला लावावेत, हा अनेकांना निव्वळ कागदी जाच वाटतो. मला तसे वाटत नाही. वाहननोंदणीचा इतिहास पाहिला तर तिचा खरा विषय इंजिन कधीच नव्हता. रस्त्यावर आलेल्या चाकामागे जबाबदार माणूस कोण, या प्रश्नातून ती उभी राहिली, आणि त्या प्रश्नापुढे ट्रेलर व मोटार सारखीच. हे पडताळायला ओमानमधली वादी अदाई ही जागा फार उपयोगी आहे, कारण तिथे नंबरप्लेटच्या आधीची व्यवस्था आणि नंतरची व्यवस्था यांत जेमतेम एका पिढीचे अंतर आहे.

वादी अदाई मस्कतच्या मत्रह विलायतीत, रुवीच्या दक्षिणेला आहे. बोडक्या, करड्या डोंगरांमधून एरवी कोरडा आणि पावसात बेफाम होणारा ओढा येतो आणि त्याच्याच घळीतून आमेरात व पुढे कुरियातकडे वाट जाते. डोंगर इतके अंगावर आलेले की माणूस, गाढव, उंट, माल, सगळ्यांना त्या चिंचोळ्या वाटेवाचून गत्यंतर नव्हते. अशा मुलखात सत्तेला एकेक वाहन ओळखायची गरज पडत नाही. वाट आणि वेस ताब्यात असली की भागते. 25 सप्टेंबर 1920 रोजी सीब इथे मस्कतचा सुलतान आणि अंतर्भागातला इमामाचा पक्ष यांच्यात करार झाला. आतून मस्कत, मत्रह, सूर आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांत येणाऱ्या मालावर शेकडा पाचापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही, असे त्यात ठरले. उंट कोणाचा, तो कोणी हाकला, याला त्या कलमात महत्त्व नाही. माल आला की हिशेब होई. मस्कत शहराच्या वेशीही सूर्यास्तानंतर तीन तासांनी बंद होत आणि त्यानंतर बाहेर पडणाऱ्याला कंदील हाती धरावा लागे. माणूस नजरेत राहावा, एवढाच त्यामागचा हेतू. सुलतान सैद बिन तैमूर यांच्या राजवटीत (1932 ते 1970) मोटार आणायची तर सुलतानाची परवानगी लागे. 1970 साली सगळ्या देशात डांबरी रस्ता सुमारे 10 किलोमीटर होता. इतक्या थोड्या मोटारींत कोणती कोणाची हे सांगायला पाटीची गरज ती काय असणार?

23 जुलै 1970 रोजी सुलतान काबूस गादीवर आले आणि पुढच्या काही वर्षांत रस्ते झपाट्याने वाढले. वादी अदाईच्या घळीतही डांबर आले, तोंडाशी मोठा राऊंडअबाउट झाला. दिवसाला हजारो गाड्या जिथून जातात, तिथे वेशीवरचा माणूस कोणाकोणाला ओळखणार? त्याचे काम प्रत्येक गाडीवरच्या नंबराकडे आणि मालकाच्या खिशातल्या 'मुल्किया'कडे आले. मस्कतमधल्या मराठी माणसाच्या तोंडीही हाच शब्द असतो, 'आरसी' क्वचित ऐकू येते. मुल्किया नव्याने करून घेताना गाडीचा विमा चालू असावा लागतो आणि राहिलेला दंड भरावा लागतो. म्हणजे पूर्वी जी विचारपूस घळीच्या तोंडाशी व्हायची, ती आता ठरावीक मुदतीने रॉयल ओमान पोलिसांच्या खिडकीशी होते.

मुंबईत हीच गोष्ट आधी आणि सावकाश घडली, म्हणून तिथला पुरावा अधिक बोलका आहे. मोटार शहरात येण्याच्या कितीतरी आधी, 1863 मध्ये, भाड्याच्या गाड्यांसाठी कायदा झाला होता. घोडागाडीला परवाना आणि नंबर हवा, कारण गाडीवानाने जादा भाडे मागितले किंवा सामान पळवले तर उतारूने तक्रार कोणाविरुद्ध करायची? 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने वाहने आणि जनावरे यांवर करही बसवला. तोवर इंजिनाचा संबंधच नव्हता. 1914 च्या हिंदी मोटार वाहन कायद्याने आणि नंतर 1939 च्या कायद्याने ही पद्धत मोटारीला लावली, आणि 1939 च्या कायद्याने 'मोटार वाहना'च्या व्याख्येतच ट्रेलर घातले. 1988 च्या कायद्याने तेच कायम ठेवले. व्याख्येची सुरुवात यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वाहनाने होते आणि लगेच त्यात ट्रेलरही सामील होते. त्याच कायद्याचे कलम 61 आणखी नेमके आहे. ट्रेलरची नोंदणी इतर मोटार वाहनांसारखीच करायची, त्याचा नंबर त्याच्या बाजूवर लिहायचा, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही त्या ट्रेलरवर, एकाहून अधिक ट्रेलर असतील तर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. त्यामुळे पुढची गाडी कोणाची आणि मागची कोणाची, हे दोन्ही रस्त्यावरच कळते.

साखरपट्ट्यात या कलमाचा अर्थ डोळ्यांना दिसतो. गाळप हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत वर निमुळता होत गेलेला उसाचा ढीग, आणि मागून येणाऱ्याला ट्रॅक्टर दिसतच नाही. दिसते ती शेवटच्या ट्रॉलीची फळी, चिखलाने माखलेली, कधी लाल रिफ्लेक्टर असलेली, कधी नसलेली. अपघात होतो तो बहुधा त्या फळीशी. मग विमा कंपनी विचारते की विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा होता का? ट्रॉली एकाची आणि ट्रॅक्टर दुसऱ्याचा असेल तर जखमीच्या घरच्यांना कोणाच्या दारी जायचे हेच कळत नाही. ट्रॉलीची वेगळी नोंद असणे म्हणजे त्या घरच्यांच्या हाती एक नाव आणि एक पत्ता असणे.

यावर पहिला आक्षेप असा की हा सगळा कर गोळा करायचा खटाटोप आहे. करवसुली त्यात आहेच. ती नाकारण्यात अर्थ नाही. पण नुसत्या करासाठी नंबर लागत नाही. सीबच्या करारातला कर एकाही उंटाची नोंद न करता ठरला. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोटारसायकलला जोडलेली साइडकार कायदा मोटारसायकलचाच भाग धरतो, तिला वेगळा नंबर नाही. मग मागच्या दोन चाकांना का? माझे उत्तर असे की साइडकार चालवणाऱ्याच्या शेजारी, त्याच्या नजरेत असते. ट्रेलर मागे, नजरेआड असते आणि आज या गाडीला, उद्या त्या गाडीला जोडता येते. मालकीचा घोळ होतो तो याच जोड-तोडीत. ब्रिटनने वेगळा मार्ग धरला आहे. तिथे हलक्या ट्रेलरला स्वतःचा नंबर नसतो, ओढणाऱ्या गाडीचाच लावायचा. अमेरिकेत तर राज्यागणिक नियम बदलतो, काही राज्यांत ठरावीक वजनाखालच्या ट्रेलरला मालकीचा दाखला लागत नाही. चोरीला गेलेले किंवा दुसऱ्याला विकलेले ट्रेलर ओळखायचे तर ब्रिटनची पद्धत मला अपुरी वाटते.

तिसऱ्या आक्षेपाशी मात्र मी बऱ्याच अंशी सहमत आहे. आपल्याकडे ट्रेलरच्या नोंदणीला त्याच्या आराखड्याची मंजुरीही जोडावी लागते. मोठ्या कारखान्यात बनलेल्या ट्रॉलीला ते रास्त आहे. गावातल्या वेल्डरने लोखंडी नळ्या जोडून बनवलेल्या चार हातांच्या ट्रेलरला तेच माप लावले, तर माणूस नोंदणीच टाळतो आणि ज्या जबाबदारीसाठी नियम केला तीच हातातून सुटते. छोट्या ट्रेलरसाठी दोन-तीन ठरलेले नमुने आधीच मंजूर करून ठेवावेत, जोडणीचा दांडा, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर एवढेच तपासावे, आणि नोंदीची फी त्याच्या किमतीच्या मानाने ठेवावी. बाजूवरचा नंबर आणि कागदावरचे मालकाचे नाव यांत मात्र सूट नको.