सौर दुर्बिणीला कॅमेरा लावला की सूर्य धूसर का होतो? बार्लो लेन्सचं गणित

आयपीसला डोळा लावला तर सूर्याची कडा ब्लेडसारखी स्पष्ट दिसते. आयपीस काढून तिथे डीएसएलआर बसवला की स्क्रीनवर येतो तो नुसता लाल, धूसर गोळा. फोकसची फिरकी शेवटपर्यंत फिरवली तरी फरक नाही. छोटी सौर दुर्बीण घेतलेल्या बहुतेकांची पहिली शंका एकच असते, दुर्बीण बिघडली. ती बिघडलेली नसते. सेन्सर फक्त चुकीच्या जागी असतो.

फोकस अडतो कुठे?

कोरोनाडो पीएसटी ही या प्रकारातली प्रसिद्ध दुर्बीण. तिचं भिंग ४० मिलिमीटरचं, नाभीय अंतर ४०० मिलिमीटर. हायड्रोजनचा ६५६.२८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा ती आत सोडते, म्हणून सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसतात. तिचा फोकस आतला प्रिझम पुढेमागे सरकवून होतो आणि ही हालचाल फार थोडी असते.

प्रतिमा तयार होते ती आयपीसच्या नळीच्या तोंडाशी. डीएसएलआरचा सेन्सर मात्र कॅमेऱ्यात खोल बसलेला असतो. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये तो ४४ मिलिमीटर आत असतो, निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिलिमीटर. वर जोडणीच्या टी-रिंगची जाडी. म्हणजे किरण जिथे एकत्र येतात, त्याच्या पाच-सहा सेंटीमीटर मागे सेन्सर. फिरकीच्या आवाक्यात हे अंतर येतच नाही.

मोबाईलला ही अडचण येत नाही. तो आयपीसच्या मागे डोळ्यासारखा धरलेला असतो आणि त्याची स्वतःची लेन्स फोकस करते. म्हणूनच अनेकदा महागड्या कॅमेऱ्याआधी मोबाईलवरच सूर्याचा पहिला फोटो मिळतो.

बार्लो लेन्स काय करते?

दहावीच्या विज्ञानात शिकलेलं अंतर्वक्र भिंग आठवा. बार्लो लेन्स म्हणजे तेच. एकत्र येऊ पाहणाऱ्या किरणांच्या वाटेत ती बसते आणि त्यांना थोडं पसरवते, त्यामुळे ते आणखी मागे जाऊन एकत्र येतात. प्रतिमा मोठी होते हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथे खरा फायदा प्रतिमा मागे सरकण्याचा आहे.

समजा, बार्लोचं नाभीय अंतर १०० मिलिमीटर आहे. मूळ फोकसच्या ५० मिलिमीटर आधी ती ठेवली, तर नवीन फोकस तिच्या मागे १०० मिलिमीटरवर येतो. म्हणजे प्रतिमा ५० मिलिमीटर बाहेर सरकली आणि दुप्पट झाली. डीएसएलआरला कमी पडत होतं ते साधारण एवढंच अंतर.

मोठेपणा लेन्सवर छापलेल्या आकड्यावर ठरत नाही, सेन्सर किती मागे आहे यावर ठरतो. हीच बार्लो आणि सेन्सर यांच्यात १५० मिलिमीटर ठेवले तर प्रतिमा अडीचपट होते, ५० ठेवले तर दीडपट. काही बार्लोंचा पुढचा भिंगाचा तुकडा सुटा होतो. तो थेट कॅमेऱ्याच्या नळीला लावला की मोठेपणा कमी राहतो आणि फोकसही सापडतो. पीएसटीवाल्यांची ही जुनी युक्ती आहे.

मग पाचपट का नको?

४०० मिलिमीटर नाभीय अंतरावर सूर्याची प्रतिमा जेमतेम पावणेचार मिलिमीटरची पडते. दुप्पट केली तर साधारण साडेसात. एवढ्याशा चकतीकडे पाहून मोह होतोच. पण दुप्पट प्रतिमेत प्रकाश चौपट जागेत पसरतो, एक्सपोजर चौपट लागतं. शिवाय ४० मिलिमीटरचं भिंग या लाल प्रकाशात साधारण चार आर्कसेकंदांपेक्षा बारीक तपशील दाखवूच शकत नाही. त्यापुढे मोठा होतो तो धूसरपणाच. अशा दुर्बिणीला दीड ते दुपटीची बार्लो पुरते.

मोठ्या प्रतिमेचा दुसरा मार्ग म्हणजे दुर्बीणच लांब करणं. हे इंदापूरच्या अगदी शेजारी घडलं आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल भीमेपलीकडच्या जेऊरला आले होते. पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळही तिथेच होता. कॅम्पबेल यांच्या कॅमेऱ्याचं नाभीय अंतर होतं ४० फूट. बार्लोशिवाय काचेच्या प्लेटवर सूर्य सुमारे साडेचार इंचांचा. हाती वेळ जेमतेम दोन मिनिटं, त्यामुळे फोकस आधीच पक्का करून ठेवणं भाग होतं.

गच्चीवर फोकस कसा धरायचा?

आधी बार्लोशिवाय, आयपीसमधून सूर्य मधोमध आणा. मग बार्लो आणि कॅमेरा लावून लाइव्ह व्ह्यू मोठा करा आणि सूर्याच्या कडेवर फोकस धरा, मधल्या भागावर नको. स्क्रीनवर ऊन पडत असेल तर डोक्यावरून काळं कापड घ्या, विचित्र दिसलं तरी चालेल. रंगीत कॅमेऱ्यात फक्त लाल पिक्सेल कामाला येतात, म्हणून मोनोक्रोम कॅमेरा इथे सरस ठरतो.

तरीही कडा उकळत्या पाण्यासारखी हलत असेल तर दोष हवेचा. बारामतीतला तापलेला स्लॅब किंवा पत्रा दुपारी हवा हलवत राहतो, म्हणून सकाळची वेळ धरा. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याचसाठी, पाण्यावरची हवा तुलनेने शांत असते. त्या हिशेबाने भिगवणजवळचा उजनीचा काठ करून पाहण्यासारखा आहे.

एक गोष्ट चुकवू नका

बार्लो हा फिल्टर नाही. साध्या दुर्बिणीला पुढच्या तोंडावर सौर फिल्टर नसेल, तर बार्लो लावा किंवा काढा, आत पाहिल्यास डोळा कायमचा जाऊ शकतो आणि सेन्सरही जळतो. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून पाहणंही तितकंच धोक्याचं. आयपीसला लावायचे छोटे काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते वापरू नका. पीएसटीसारख्या दुर्बिणीतले आतले फिल्टर कधीही उघडू नका.

२ ऑगस्ट २०२७ ला स्पेन ते अरबस्तान या पट्ट्यात खग्रास ग्रहण आहे. पश्चिम भारतातून ते खंडग्रास दिसेल. ऑगस्ट म्हणजे पावसाळा, पण बारामती-इंदापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे ढगांनी वाट दिली तर फोकस आधीपासून जमलेला हवा.