कान्हे-पिंपरी-कराची

कान्ह्याहून लोकल पकडली की कधीकधी एक सिंधी काका भेटतात. पिंपरी कॅम्पात दुकान. मावळातली वसुली आता मुलगा करतो, पण काकांची सवय सुटत नाही. फाळणीच्या वेळी ते आईच्या कडेवर होते. मराठी आपल्यापेक्षा चोख.

परवा म्हणाले, "पत्रकार, थार एक्सप्रेस कधी सुरू होणार?"

समझोता एक्सप्रेस सगळ्यांना आठवते. १९७६ ची, अटारी-लाहोर मार्गावरची. पण सिंध्यांच्या जिव्हाळ्याची गाडी थार. जोधपूर, मुनाबाव, पलीकडे खोखरापार आणि पुढे कराची. फाळणीत याच वाटेने तिकडचे सिंधी हिंदू इकडे आले (बरेचसे बोटीने मुंबईलाही उतरले) आणि इकडचे मुसलमान तिकडे गेले. १९६५ च्या युद्धात हा मार्ग बंद पडला, तो उघडला १८ फेब्रुवारी २००६ ला. बरोबर वर्षाने, त्याच तारखेच्या रात्री पानिपतजवळ समझोत्यात स्फोट झाले. ६८ माणसं गेली, त्यात बहुतेक पाकिस्तानी. तरी दोन्ही गाड्या धावत राहिल्या. थांबल्या त्या ऑगस्ट २०१९ मध्ये, ३७० कलमानंतरच्या तणातणीत. आजही बंदच आहेत.

काका थारने एकदा जाऊन आलेत. सीमेवर तपासणी झाली, गाडी बदलली. समोर कराचीचा एक म्हातारा. "पुण्याकडचा," म्हटल्यावर त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? "कर्जतला अजून मागून इंजिन लावतात का?" त्याचे वडील फाळणीआधी या घाटात रेल्वेत नोकरीला होते. काकांनी पिशवीतली लोणावळ्याची चिक्की काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हाताऱ्याने अर्धी खाल्ली, अर्धी नातवंडांना म्हणून रुमालात बांधली.

कराचीत काकांना घर सापडलं नाही. वडिलांची शाळा सापडली. तिचं नाव नारायण जगन्नाथ वैद्य हायस्कूल! वैद्य हे सिंधमध्ये शिक्षण खात्यात काम केलेले मराठी गृहस्थ. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, हे आपण पार विसरलो. पाकिस्तानने मात्र शाळेवरचं ते नाव पुसलं नाही. आपल्याकडच्या नामांतरवाल्यांनी हे जरा बघावं.

मी म्हटलं, "काका, सध्या तरी काही चिन्ह नाही."

पिंपरी आलं. उठता उठता म्हणाले, "पासपोर्ट संपला होता. मागच्या महिन्यात नवा काढून घेतला."

पुढची दहा वर्षं चालेल तो.