काळापहाड, पार्कर आणि वाड्यातला चोर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

माझ्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या कोपऱ्यावर एक छोटं वाचनालय होतं. वाचनालय कसलं, एका बंद जिन्याखालची ती जागा होती. तीन फळ्या, एक स्टूल आणि एक वही. पुस्तक रोजाच्या भाड्यानं मिळायचं. एक दिवस उशीर झाला तर दुप्पट पैसे. त्यामुळे आम्हा मुलांना एक सवय लागली. पुस्तक आणायचं ते संध्याकाळी, आणि सकाळी शाळेला जाताना वाचून परत करायचं. भूमितीच्या पुस्तकात ते बरोबर मावायचं. लेखकाचं नाव ठरलेलं असायचं : बाबूराव अर्नाळकर.

आजच्या तरुण वाचकांना या नावाचा दरारा सांगूनही कळणार नाही. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. १९३६पासून १९८४पर्यंत ते लिहीत राहिले आणि रहस्यकथांची हजारावर पुस्तकं त्यांच्या नावावर जमा झाली. विश्वविक्रमांच्या गिनेस बुकानंही त्यांची नोंद घेतली. १९९६मध्ये ते गेले. धनंजय आणि छोटू ही त्यांची गुप्तहेरांची जोडी होती. पण आम्हा पोरांचा खरा जीव होता तो झुंजार आणि काळापहाड यांच्यावर. कारण हे दोघे पोलीस नव्हते. ते कायद्याच्या पलीकडच्या अंगाला उभे होते. पोलीस त्यांच्या मागावर असायचे आणि आम्ही पोलिसांच्या विरुद्ध असायचो!

चोर हा नायक, ही कल्पना काही अर्नाळकरांची एकट्याची नव्हे. इंग्लंडात हॉर्नंगचा रॅफल्स १८९८मध्ये अवतरला. दिवसा क्रिकेट खेळायचा आणि रात्री हिरे पळवायचा. फ्रान्समध्ये १९०५मध्ये मॉरिस लब्लांनं आर्सेन ल्युपँ आणला. पुढे १९२५मध्ये ब्रूस ग्रॅमचा ब्लॅकशर्ट आला आणि १९२८मध्ये लेस्ली चार्टरिसचा सेंट. इंग्रजी वाचलेल्या माणसाला काळापहाड आणि झुंजार ही या मंडळींचीच चुलत भावंडं वाटतात. पण ती इथल्या मातीत अशी काही रुजली, की मूळ कुणाला आठवेना. काळापहाड हे नावच बघा. सोळाव्या शतकात बंगालच्या सुलतानाच्या ज्या सेनापतीनं ओरिसावर स्वारी केली, त्याचं हे नाव. मराठीत आल्यावर मात्र तो दुर्जनांचा काळ ठरला.

या सगळ्या चोरांची एक गंमत आहे. ते चोर असतात, पण वाईट नसतात. ज्याला लुटायचं तो आधीच लबाड सावकार, नाहीतर चोरटा व्यापारी असतो. लुटलेलं धन कुठल्या तरी निराधार बाईच्या हाती पडतं. म्हणजे वाचकाला चोरीची मजाही मिळते आणि मनाला टोचणीही लागत नाही. पंधरा-वीस पैशांत हा सौदा वाईट नव्हता.

याच्या अगदी उलटा चोर मला पुढे पन्नाशीत भेटला. डेक्कनवरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात रिचर्ड स्टार्क या नावानं लिहिलेलं एक पुस्तक हाती लागलं. स्टार्क हे टोपणनाव. लेखक डोनाल्ड वेस्टलेक, अमेरिकन. त्याच्या नायकाचं नाव पार्कर. नुसतंच पार्कर, पुढे-मागे काही नाही. हा धंदेवाईक चोर आहे. पगारी माणूस कचेरीत जातो तसा तो दरोड्याला जातो. आधी जागा पाहायची, माणसं निवडायची, वाटण्या ठरवायच्या. आड येईल त्याला तो मारतो, आणि मारल्यावर झोपतोही शांतपणे. गरिबांचा कैवार वगैरे भानगड नाही. पहिल्या पुस्तकात त्याची बायको आणि साथीदार दगा देतात. तो परत येतो तो सूड म्हणून तर खराच, पण मुख्य म्हणजे आपल्या वाट्याचे पंचेचाळीस हजार डॉलर वसूल करायला! वेस्टलेकनं त्याला शेवटी पोलिसांच्या हाती दिलं होतं. संपादक म्हणाला, याला सोडा, याच्यावर आणखी पुस्तकं लिहा. १९६२ ते २००८ या काळात, मधली तेवीस वर्षं सोडून, चोवीस पुस्तकं झाली. २००८च्या शेवटच्या दिवशी लेखक वारला, तेव्हाच पार्कर थांबला.

ती पुस्तकं मी एकामागून एक वाचली. खोटं कशाला बोलू, आवडलीही. पण वाचताना एक प्रश्न सारखा मनात यायचा. आपल्याकडे असा चोर कुणी का लिहिला नाही? आमच्या पुण्यात रहस्यकथा काही कमी नव्हत्या. सुहास शिरवळकर इथलेच. ‘दुनियादारी’मुळे ते सर्वांना माहीत झाले, पण त्याआधी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास अशी फौजच त्यांनी उभी केली होती. २००३मध्ये ते अकाली गेले. गोव्याकडून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही शेकड्यांनी पुस्तकं लिहिली. २०२१मध्ये त्यांचं निधन झालं. पण निर्दय, धंदेवाईक आणि तरीही नायक, असा चोर यांच्या पुस्तकांतून घराघरांत पोचलेला मला आठवत नाही.

याचं उत्तर मला इतिहासात सापडलं असं वाटतं. चोराची गोष्ट आपल्याकडे तिघांनी लिहिली. पहिल्यांदा ती लिहिली सरकारनं. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीच्या उमाजी नाईकाला इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिलं. त्याच्यामागे लागलेला अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश यानं लगेच, १८३३मध्ये, रामोश्यांवर एक पुस्तक लिहून त्यात उमाजीचं चरित्र घातलं. आज आपण उमाजीला आद्य क्रांतिकारकांत गणतो. सरकारदप्तरी मात्र तो दरोडेखोरच होता. पुढे सरकारनं एकेका माणसाची गोष्ट लिहिण्याचा त्रासही घेतला नाही. १८७१मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि १९११च्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जमातीच्या जमाती जन्मतःच चोर ठरल्या. पोलिसात हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचं नाही. सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. स्वातंत्र्य आलं तरी देशभर हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. कायदा गेला, पण शिक्का गेला नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. साधारण १९६७ची गोष्ट असेल. वाड्यातलं एक तांब्याचं घंगाळ चोरीला गेलं. दुपारी बोळात एक परका माणूस दिसला. काटकुळा, पायात वहाण नाही. वाड्यातल्या मंडळींनी त्याला धरलं आणि चौकातल्या खांबाला बांधलं. पोलीस आला. त्यानं घंगाळाबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं, ‘‘जात कोणती रे?’’ त्या माणसानं सांगितली, आणि सगळ्यांची खात्रीच पटली. मग जो मार पडला तो मी जिन्यावरून पाहिला. माझ्या हातात भूमितीचं पुस्तक होतं आणि त्यात काळापहाड होता. त्या मारातून सोडवायला कुणीही काळा वेष घालून आलं नाही. मीही काही बोललो नाही. घंगाळ चार दिवसांनी परसातल्या अडगळीत सापडलं. ते कुणीतरी कल्हईवाल्याकडे द्यायला म्हणून काढून ठेवलं होतं. त्या माणसाला कळवायला हवं, असं वाड्यात एकालाही वाटलं नाही.

चोराची दुसरी गोष्ट लिहिली ती अर्नाळकरांसारख्या स्वप्न देणाऱ्यांनी, आणि तिसरी स्वतः त्यानंच. १९५९मध्ये अण्णा भाऊ साठ्यांचा ‘फकिरा’ आला. सरकारी खजिना लुटून उपाशी माणसांना जगवणारा हा नायक काळापहाडाच्या जवळचा वाटेल, पण त्याची भूक खरी आहे. आणि १९८७मध्ये लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरी हा धंदा म्हणजे काय, हे मला पार्करच्या कितीतरी आधी त्या पुस्तकानं सांगितलं होतं. धंदा शिकवताना पोरांना मारतात, कशासाठी? तर उद्या पोलिसांच्या मारात त्यांनी तोंड उघडू नये म्हणून. चोरीच्या पैशात पोलिसांचाही वाटा असतो. आणि इतकं करून घरात भाकरी नाहीच. पार्करचा हिशेब डॉलरमध्ये असतो, इथला हिशेब पोटाचा असतो.

मधल्या काळात पुण्यानं खरा निर्दयपणाही पाहिला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात इथे दहा माणसांचे खून झाले. जोशी-अभ्यंकर हत्याकांड म्हणून आपण ते ओळखतो. संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे कुटुंबीय त्यात गेले. दिवेलागणीलाच दारं लावून घेणारं ते पुणं मला लख्ख आठवतं. ज्यांना नोव्हेंबर १९८३मध्ये येरवड्यात फाशी झालं, ते चौघं कुठल्याही ‘गुन्हेगार जमाती’तून आलेले नव्हते. कला महाविद्यालयात शिकणारी, आपल्याच गल्लीबोळांतून सायकली-स्कूटरवर फिरणारी ती पोरं होती. जात विचारून चोर ओळखणाऱ्या शहराला हे उत्तर पुरेसं होतं. पण आपण ते ऐकलं का, याची मला शंका आहे.

म्हणून वाटतं, पार्करसारखा नायक अमेरिकेला परवडतो. तिथे तो कुणाचाच प्रतिनिधी नाही, एकटा माणूस आहे. आपल्याकडे चोर म्हटलं की त्याच्यामागे एक अख्खी वस्ती संशयात उभी राहते. म्हणून आपल्याला एकतर देवमाणूस चोर चालतो, नाहीतर खांबाला बांधलेला. मधला, साधा माणूस असलेला चोर पाहायला आपण ‘उचल्या’पर्यंत थांबलो.

अर्नाळकरांना मी दोष देणार नाही. दिवसभर कचेरीत मान खाली घालून राबणाऱ्या हजारो माणसांना त्यांनी रात्री दोन तास ताठ मानेनं जगवलं. माझ्यासारख्या कितीतरी जणांना वाचायची गोडी त्यांनीच लावली. ती गोडी लागली नसती तर पुढे ‘उचल्या’ही माझ्या हाती आलं नसतं.

ते वाचनालय आता नाही. वाडाही पडला, तिथे सहा मजली इमारत उभी आहे. दारावर रखवालदार असतो आणि आत जाणाऱ्याचं नाव वहीत लिहून घेतो. परवा मी तिथे गेलो होतो. माझ्यापुढे एक भंगार गोळा करणारा मुलगा उभा होता. रखवालदारानं माझं नाव विचारलं. त्या मुलाला मात्र त्यानं विचारलं, ‘‘कुठल्या वस्तीतला रे तू?’’ या वेळी मी गप्प राहिलो नाही. फार काही केलं नाही. एवढंच म्हणालो, ‘‘अहो, त्याचंही नाव विचारा की.’’