पत्र लिहिण्यास कारण की...

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरला घरी होतो, तेव्हा चौथीतली भाची वही घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. गृहपाठ होता: 'तुमच्या मैत्रिणीला सुट्टीत तुमच्याकडे राहायला बोलावणारे पत्र लिहा.' उजव्या कोपऱ्यात पत्ता, त्याखाली तारीख, मग 'प्रिय मैत्रीण', मग 'स. न. वि. वि.' एवढं तिनं फळ्यावरून उतरवून आणलं होतं. पुढं पेन्सिल अडली होती.

"काय लिहू मामा? ती तर खालच्याच मजल्यावर राहत्या."

मी काही सुचवायच्या आत दुसरा प्रश्न आला. "आणि हे स. न. वि. वि. म्हणजे काय?"

"सप्रेम नमस्कार, विनंती विशेष."

"म्हणजे?"

मला सांगता येईना. विनंती कसली आणि विशेष काय? ही चार अक्षरं मी चौथीपासून दहावीपर्यंत किती वेळा लिहिली असतील याचा हिशेब नाही. त्यातली एकही चिठ्ठी कुणाला मिळाली नाही. परीक्षेत तर आपलं नाव लिहायला बंदी असायची, त्यामुळे जिवलग मित्राला लिहिलेलं पत्र 'तुझाच मित्र, अ. ब. क.' असं संपायचं. मायन्याचे गुण, समारोपाचे गुण, पत्ता योग्य जागी लिहिल्याचे गुण. मधे जे काही असतं त्याला मजकूर म्हणतात.

भाचीचा प्रश्न डोक्यात राहिला म्हणून शोधत गेलो. 'विनंती विशेष'चा अर्थ साधारण असा: मानपान झाला, नमस्कार पोचला, आता मुद्द्याचं सांगतो. 'विशेष' ही मजकूर सुरू होत असल्याची खूण आहे. माझ्या धंद्यात याला चांगलं उदाहरण आहे. ई-मेलचा आराखडा ठरवणारं जे मानक ऑगस्ट १९८२ मध्ये निघालं, आरएफसी ८२२, त्यात वर कुणाकडून, कुणाला, कधी, कशाबद्दल हे सगळं येतं. मग एक कोरी ओळ. आणि त्या ओळीखाली मजकूर. यंत्राला वरचं कळलं तर पुरे, खालचं माणसासाठी. मोडी पत्रात कोरी ओळ सोडण्याची चैन नव्हती. कागद महाग, आणि बोरू शक्यतो न उचलता लिहायची लिपी. विरामचिन्हंही नव्हती. ती आपल्याकडे १८५० च्या सुमारास मेजर कँडीनं रूढ करायला घेतली. तेव्हा वाचणाऱ्याला जागा दाखवायला शब्दच लागायचे. 'विशेष' म्हटलं की बातमी सुरू, 'बहुत काय लिहिणे' म्हटलं की संपली.

या वरच्या भागाचं एक शास्त्रच होतं. पत्रं आणि दफ्तरी कागद कसे लिहावेत हे सांगणाऱ्या पोथ्यांना 'मेस्तक' म्हणत. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर असलेलं मेस्तक प्रसिद्ध आहे. कुणाला काय म्हणायचं याच्या याद्या त्यात असतात. विद्वान ब्राह्मणाला 'वेदशास्त्रसंपन्न', सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत', गृहस्थाला 'राजमान्य राजश्री', बापाला 'तीर्थरूप', धाकट्याला 'चिरंजीव'. नवरा हयात असलेल्या बाईला 'वज्रचुडेमंडित', विधवेला 'गंगाभागीरथी'. 'मायना' हा मूळ अरबी शब्द, अर्थ 'अर्थ'. मराठीत येऊन त्याचा अर्थ झाला पत्राच्या सुरुवातीची बिरुदावली. मजकुराचा अर्थ कळायच्या आधी लिहिणारा कोण, वाचणारा कोण, आणि दोघांत वरचा कोण, हे कळलं पाहिजे.

ही नुसती औपचारिकता नव्हती. १७७९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनं पेशव्यांच्या आग्रहावरून चक्क हुकूम काढला, की सोनारांनी 'नमस्कार' हा शब्द वापरू नये. अभिवादनाच्या एका शब्दावरून दोन सरकारांमध्ये पत्रव्यवहार! ब्राह्मणांनी नमस्कार करायचा, मराठ्यांनी रामराम, महारांनी जोहार. पत्राची पहिली ओळ वाचली की जात कळली. पुढे त्याच जोहाराच्या जागी 'जय भीम' आला, तो केवढ्या मोठ्या भांडणातून आला हे वेगळं सांगायला नको.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तेही खरं नाही. २०२२ च्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. त्याला वर्ष व्हायच्या आत, एप्रिल २०२३ मध्ये, 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' लिहावं असा प्रस्ताव मंत्रालयातून पुढं आला आणि त्यावर टीकेची झोड उठली. शाळेच्या वहीत आपण 'गं. भा.' हे सहज लिहून टाकायचो. संक्षेपाचा फायदाच तो, आत काय आहे हे विचारावं लागत नाही.

पत्र लिहिणं हे पूर्वी मूठभरांचं काम होतं. पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरं झाली की मुलगा मोडीचे खर्डे घोटायला बसायचा, ते मुख्यतः पुढं कुठंतरी कारकुनी मिळावी म्हणून. खर्डेघाशी हा शब्द तिथलाच. बाकीच्यांनी कुलकर्ण्याकडे जायचं आणि तो जे वाचून दाखवील ते ऐकायचं. पोस्ट खात्यानं १८७९ मध्ये पाव आण्याचं कार्ड काढलं, पुढच्या वर्षी मनीऑर्डर सुरू केली. कागद स्वस्त झाला, रस्ता मोकळा झाला. लिहिणारा हात मात्र घरात नव्हता.

कोल्हापूर संस्थानात तो हात घरात आला त्याचं श्रेय शाहू महाराजांच्या १९१७ च्या सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याला. पुढच्या वर्षी करवीर तालुक्यातल्या चिखलीत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकांना दंड होता. या कायद्याबद्दल आपण बोलतो तेव्हा नोकऱ्या, प्रतिनिधित्व, सामाजिक न्याय याबद्दल बोलतो, आणि ते बरोबरच आहे. पण मला वाटतं त्याचा पहिला परिणाम चुलीपाशी दिसला असणार. ज्या घरात कधी कुणी लिहिलं नव्हतं, तिथं आठ-दहा वर्षांचं पोर घरचा चिटणीस झालं. थोरला भाऊ पलटणीत, बाप मुंबईच्या गिरणीत, बहीण सासरी; या सगळ्यांशी घराचा व्यवहार त्या पोराच्या हातून. चौथीतला पत्रलेखनाचा धडा शहरातल्या मुलासाठी भाषेचा अभ्यास असेल, खेड्यातल्या पोरासाठी तो कामाचा भाग होता. शेण काढणं, पाणी भरणं, पत्र लिहिणं.

माझी आत्या असंच पोर होती. आजोबा परळच्या एका गिरणीत होते, गावच्या माणसांबरोबर एका खोलीत राहायचे, खानावळीत जेवायचे. आजी गावाकडे. आजी शाळेत गेलेली नव्हती. थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, पत्र लिहायचं म्हटलं की पसार व्हायचा. म्हणून काम आत्याकडे. १९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ती चौथीत होती. पगार थांबला, मनीऑर्डर थांबली. आधी महिन्याकाठी मनीऑर्डरीच्या कागदाला जोडलेल्या चिटोऱ्यावर आजोबांच्या दोन ओळी यायच्या, त्याही थांबल्या.

आत्या सांगते ते असं. रात्री जेवणं झाली की आजी कार्ड तिच्यापुढं ठेवायची आणि बोलायला लागायची. ज्वारी संपली, दळण शेजारून उसनं आणतोय, सोसायटीचा माणूस दोनदा येऊन गेला, म्हस विकावी का? सगळं सांगून झालं की म्हणायची, "पर ह्यातलं काय लिवू नगंस. त्यास्नी घोर लागंल. सगळी बरी हाईत म्हणून लिव." मग आत्या शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहायची: तीर्थरूप बाबा यांस, साष्टांग नमस्कार, विनंती विशेष, इकडील सर्व क्षेम आहे, आपले क्षेम कळवावे. खाली, मोठ्यांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद. खोलीत लहान कुणी नव्हतं, सगळे संपावरचे बाप्ये. पण ओळ आहे म्हणजे लिहायची.

यातलं वाईट काय ते मला बराच काळ नीट कळलं नव्हतं. आजीनं खोटं लिहायला लावलं यात नवल नाही, दूर असलेल्या माणसाला आपण आजही फोनवर 'सगळं ठीक' असंच सांगतो. वाईट हे, की नवराबायकोचं बोलणं दहा वर्षांच्या पोरीच्या कानांवरून आणि हातांतून जात होतं. ऐकायचं सगळं, लिहायचं काहीच नाही. आणि शाळेनं तिला जो साचा दिला होता तो या कामाला अगदी सोयीचा होता. मजकुराशिवाय पूर्ण होणारं पत्र तिला शिकवलेलंच होतं.

त्यातली काही कार्डं आजोबांनी तारेला अडकवून ठेवली होती, ती त्यांच्या ट्रंकेत सापडली. मी ती पाहिली आहेत. अक्षर गोल, शाई पसरलेली. त्यांतल्या एका कार्डावर, पत्त्याच्या बाजूला, उभ्या रेघेच्या डावीकडे, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ आहे: 'दळण उसनं आणतोय, आई रात्री जेवत नाही.' ना मायना, ना सही. आजीला अक्षरं येत नसल्यामुळे ती कुठं लिहिली आहे याची फिकीर करायची खरं तर गरज नव्हती. तरी आत्यानं ती कडेला लिहिली, कारण समोरच्या बाजूला तसलं लिहायला जागाच नसते असं तिला वाटायचं. थोड्या दिवसांनी आजोबा घरी आले. संप चालूच होता. त्या वर्षी कितीतरी माणसं अशी गावाकडे परतली. ते त्या ओळीमुळे आले की मुंबईत भागेना म्हणून, हे ते कधी बोलले नाहीत.

मायनाच वाईट, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण सावित्रीबाई फुल्यांची जोतिरावांना लिहिलेली पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. त्यांना रीतसर मायना आहे, फक्त त्यातला नवरा 'सत्यरूप' आहे. ठरलेल्या बिरुदाच्या जागी स्वतःच्या मनातलं बिरुद. आणि त्या खाली? १८६८ च्या नायगावच्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले होते आणि बाईंनी त्यांना कसं सोडवलं, याची हकिकत. १८७७ च्या ओतूरहून लिहिलेल्या पत्रात दुष्काळ. नमस्कार घातला आणि पुढच्या श्वासात बातमी. त्या स्वतः शिक्षिका, साचा त्यांनाही पाठ होता. त्यांच्याकडे सांगण्यासारखं होतं, आणि सांगायला आपला हात होता.

मुलांना साचा आधी द्यावा की सांगण्यासारखं काही आधी असावं, हा वाद शिक्षणात जुना आहे. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या खेडेगावातल्या शिक्षकानं १९२० च्या दशकात वर्गात छापयंत्र आणलं आणि मुलांनी लिहिलेलं छापून दूर ब्रिटनीतल्या एका शाळेला पाठवायला सुरुवात केली. तिकडून उत्तरं यायची. समोर खरी मुलं होती, समुद्राकाठची, ज्यांना डोंगरातलं काही माहीत नव्हतं. सांगणं भागच होतं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, ते मुलांचा अनुभव मध्यभागी ठेवून. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं' असं आहे. पत्रलेखनाच्या धड्यात आम्ही हे नेमकं उलटं केलं होतं. लिहिणं शिक्षकांचं होतं, आम्ही उतरवून घ्यायचो. २०१८ ला दहावीचं पुस्तक बदललं तेव्हा पत्राचा पत्ता-तारीख डावीकडे सरकली आणि खाली ई-मेल पत्ता आला. म्हणजे साचा काळाबरोबर आला. ते एका परीनं बरंच झालं.

भाचीचा गृहपाठ आम्ही उरकला. खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला 'आमच्या गावी पन्हाळा पाहायला ये' असं आमंत्रण गेलं, तीही रोज पन्हाळ्याच्याच दिशेनं शाळेत जाते ही गोष्ट आम्ही सोडून दिली. मग मी तिला विचारलं, "कुणाला खरंच काही विचारायचंय का?" कार्डांची गोष्ट तिनं ऐकली होती. ती म्हणाली, इचलकरंजीच्या आजीला. म्हणजे माझ्या आत्याला.

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पन्नास पैशांची चार कार्डं घेतली. सुट्टे नव्हते म्हणून चार. आधी वहीच्या मागच्या पानावर तीन गोष्टी लिहायच्या ठरल्या: आपल्याकडे काय झालं, तिला काय जाणून घ्यायला आवडेल, आपल्याला काय विचारायचंय. पहिलीत पंचगंगेचं पाणी वाढलं आणि शाळेला दोन दिवस सुट्टी मिळाली. दुसरीत मांजराची पिल्लं. तिसरी तिनं हातानं झाकून लिहिली. मायना कुठला घालायचा यावर थोडी चर्चा झाली. 'तीर्थस्वरूप' मी सुचवलं, तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि नुसतंच 'आजी,' लिहिलं. तारीख विसरली. कार्ड तिनं स्वतः पेटीत टाकलं.

आठवड्यानं आत्याचा फोन आला. मला म्हणाली, "तुझ्याशी नाही रे, तिला दे." भाची फोन घेऊन गॅलरीत गेली, दार लावून घेतलं, दहा-बारा मिनिटं बोलत होती. आत आली तेव्हा थोडी नाराज होती, कारण उत्तर पत्रानं यायला हवं होतं. मी विचारलं, काय विचारलंस आणि काय म्हणाली?

"ते नाही सांगणार," ती म्हणाली. "पत्र मी लिहिलंतं, तू नाही."