सुहेलीला गिऱ्हाईक मिळत नाही

परभणी जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रावर लिहू नये असा काही कायदा नाही; पण लिहिले तर लोक हसतात. आमच्यापासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या वर. पाणी म्हटले की आम्हाला तीन ठिकाणे आठवतात : गंगाखेडची गोदावरी, येलदरीचे धरण आणि घरचा नळ. यांपैकी तिसऱ्यात पाणी असेलच असे नाही. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' ही म्हण ज्याने काढली, त्यानेही आमच्या नशिबात बोट धरलेली नव्हती.

तरीही एका शिडाच्या होडीचा इतिहास मी आज सांगणार आहे, आणि तो सांगण्याचा अधिकार मला आहे असे माझे ठाम मत आहे. कारण ही गोष्ट मुळात समुद्राची नाहीच. ती विक्रीची आहे. जीव लावलेली वस्तू विकायला काढली म्हणजे काय होते, हे समजायला खारे पाणी लागत नाही, बैलबाजार पुरतो. आणि बैलबाजार म्हटला की आम्ही कुणाला हार जाणार नाही.

होडीचे नाव सुहेली. जन्मगाव मुंबई, त्यातही कुलाबा. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण इंग्रज ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर अधिकारी होता. मुंबई, इराणचे आखात आणि परत मुंबई, अशा खेपा घालता घालता त्याला आणि त्याच्या दोस्तांना वाटले, की आपली स्वतःची एक होडी असावी. आपल्याकडे नोकरी लागली की माणूस प्लॉट बघतो, तसेच हे. त्यांनी इंग्लंडहून नकाशे मागवले. आले ते भलतेच! हवी होती एक होडी, नकाशे आले दुसरीचे. १९२०च्या दशकातल्या, विल्यम अ‍ॅटकिन नावाच्या अमेरिकन माणसाने काढलेल्या एका जुन्या, बुटक्या, पोटाळ होडीचे. तिचे मूळ नॉर्वेच्या जीवरक्षक होड्यांत. नकाशे परत पाठवून दुसरे मागवायचे म्हणजे वेळ जाणार. तेव्हा मंडळींनी ठरवले, आले आहे तेच पदरात घ्यावे. अशा रीतीने पुष्कळ लग्ने होतात आणि टिकतात, हे आपण पाहतोच.

१९६३ साली काम सुरू झाले. लाकूड बर्मी नव्हे, आपले हिंदी सागवान. हत्यारे म्हणाल तर वाकस, पटाशी आणि धनुकलीने फिरवायचे गिरमिट. वाकसाने फळी तासणारा सुतार आमच्या परभणीकडे बैलगाडीचे जू तासतो तेव्हा जसा एक डोळा बारीक करतो, तसाच डोळा कुलाब्यातही बारीक होत असणार. वीज मदतीला नाही, घाई कुणाला नाही. दीड वर्षाने, १९ डिसेंबर १९६४ रोजी सुहेली पाण्यात उतरली. लांबी बत्तीस फूट, म्हणजे एस.टी.च्या लाल गाडीएवढी, किंवा थोडी कमीच.

नाव अरबी आहे. आखातातल्या एका वाऱ्याला तिकडचे खलाशी सुहेली म्हणतात. त्याच घराण्यातला शब्द सुहैल; म्हणजे दक्षिणेकडे चमकणारा तो तारा, ज्याला आपण अगस्ती म्हणतो. अगस्तींनी एका घोटात समुद्र पिऊन टाकल्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. होडीला एवढी तहान नव्हती. तिने समुद्र जागच्या जागी ठेवला, फक्त सगळा पालथा घातला.

मुंबईच्या सागवानाचे हे कौतुक नवे नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षे इंग्रजांना जहाजे बांधून दिली. त्यांच्या गोदीत १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही लढाऊ नौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. तिलाही १८९७ साली मोडीत काढून विकले होते! एका गृहस्थाने ती मोडणाऱ्याच्या हातून सोडवली, म्हणून वाचली. सागवान दोनशे वर्षे टिकते. टिकत नाही तो मालकाचा धीर.

तर १९६५च्या डिसेंबरात रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र सुहेलीतून मुंबईहून निघाले. वाटेत पैसे संपले. आफ्रिकेत उतरून नोकऱ्या केल्या, चार पैसे गाठीला बांधले आणि केपटाउनहून निघून चौऱ्याहत्तर दिवस कुठेही न थांबता १९६७ मध्ये लंडन गाठले.

इथून विक्रीची कथा सुरू होते. त्याच वर्षी सर फ्रान्सिस चिचेस्टर एकट्याने पृथ्वीला वळसा घालून आले. पण मध्ये सिडनीला थांबले होते. आता उरले एकच : कुठेही न थांबता, एकट्याने. रॉबिनच्या मनाने घेतले. मात्र त्यासाठी सुहेली नको. मोठी, लोखंडी, वेगवान नौका पाहिजे. कॉलिन म्यूडी या नामांकित माणसाकडून नवा नकाशाही काढून घेतला. पैसा? तो सुहेली विकून. तशी ती विकायला निघाली.

आणि गिऱ्हाईक मिळेना.

हा प्रसंग मी आमच्या मामांना सांगितला. मामांची हयात बैलांच्या सौद्यात गेली. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्यात त्यांचा हात धरणारा, म्हणजे शब्दशः हात धरणारा, पंचक्रोशीत नव्हता. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. ते म्हणाले, "मंग होडी खरी चांगली असंल."

"ती कशी?"

"आरं, लई जीव लावलेलं जनावर इकत न्हाई. मालक भाव सांगतानाच आडखळतो. गिऱ्हाइकाला वाटतं, ह्यो आडखळतो कामून? काई तरी खोट हाय. खोट जनावरात नसती बाबा, मालकात असती."

अर्थशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात हे मी वाचलेले नाही. पण खरे असावे. होडी बघायला येणारा माणूस म्हणतो, बुटकी आहे, चालीला मंद आहे, जुन्या धर्तीची आहे. सगळे खरेच. मालकाला मात्र त्या फळीत कुलाब्यातला सुतार दिसतो. ही दृष्टी व्यवहारात धरत नाहीत. बाजारात ज्याला नाव नाही त्याला भाव नाही.

शेवटी ना सुहेली विकली गेली, ना नव्या नौकेचा पैसा उभा राहिला. तेव्हा रॉबिनने आहे तीच होडी घ्यायची ठरवली. एव्हाना लंडनच्या 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब नावाची शर्यत जाहीर केली होती. नऊ जण उतरले. १४ जून १९६८ रोजी एकोणतीस वर्षांचा हा गडी फालमथ बंदरातून निघाला.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण वादळांची वर्णने सगळी सारखीच असतात. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या. रेडिओ बंद पडला. होडी आपोआप वळवणारे यंत्र मोडले. आणि तळाच्या फळ्यांचे सांधे गळू लागले. तेव्हा हा मनुष्य भर समुद्रात होडीखाली बुडी मारून सांध्यात कापूस कोंबत होता, वरून तांब्याची पट्टी ठोकत होता. मध्ये शार्क घुटमळू लागला, तर वर येऊन त्याला गोळी घातली आणि पुन्हा खाली गेला. इथे परभणीच्या माणसाची छाती अर्धा इंच फुगते. ज्या कापसाने आमच्या काळ्या मातीतल्या कैक पिढ्यांना कर्जात बुडवले, त्याने निदान एका माणसाला तरी बुडू दिले नाही. कापूस आमचाच होता असे मी म्हणत नाही. जात तर तीच!

नोव्हेंबरात न्यूझीलंडजवळ तो दिसला, त्यानंतर एप्रिलपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. इकडे बाकीच्यांची दशा पाहा. कुणी वाटेत परतले, एकाची नौका फुटून बुडाली. फ्रान्सचा म्वातेस्ये जिंकण्याच्या बेतात असताना शर्यतच सोडून ताहितीला निघून गेला. आणि डोनल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घुटमळत खोटे ठिकाण कळवत राहिला; शेवटी त्याची रिकामी नौका सापडली, तो सापडला नाही. त्यांच्यातल्या काहींच्या नौका सुहेलीपेक्षा कितीतरी वेगवान होत्या.

२२ एप्रिल १९६९ रोजी, तीनशे बाराव्या दिवशी, सुहेली फालमथला परतली. गंजलेली, पिवळी पडलेली, पण अखंड. नऊंपैकी शर्यत पुरी करणारी एकटीच. तीस हजार मैल, सरासरी वेग ताशी चार सागरी मैल. जत्रेला निघालेली बैलगाडी उतारावर याहून कमी जात नाही. बंदरात जकातीचे अधिकारी चढले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी विचारले, कुठून आलात? उत्तर मिळाले : फालमथहून. पाच हजार पौंडांचे बक्षीस त्याने क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले. ज्या पैशासाठी होडी विकायला काढली होती तो पैसा आला, आणि विकल्याशिवायच गेला.

आता तिला गिऱ्हाइकांची रीघ लागली असती. पण विकणारा राहिला नव्हता. त्याने ती जपली. १९९१ साली क्रिस बॉनिंग्टन या गिर्यारोहकाला तिच्यात घालून ग्रीनलंडला नेले. आणि १९९७ साली मोठ्या सन्मानाने ती ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली. वारा नाही, पाऊस नाही, हवा ठरलेल्या मापाची आणि कोरडी. तिथे अशी गंमत झाली, की जी फळी दक्षिण महासागरात दबली नाही ती सुखात आकसू लागली. सांधे उघडायला लागले. पाच वर्षांनी, २००२ मध्ये, मालकाने होडी बाहेर काढली आणि दुरुस्तीला हात घातला. हत्यारे घेऊन स्वतः.

मला वाटते, या इतिहासातला मुद्दा इथे आहे. विकून टाकणे हा वस्तूचा एक मृत्यू. आणि काचेत ठेवून पूजा करणे हा दुसरा. आपल्याकडे दुसऱ्याचा फार शौक. आजोबांची दमणी परसात झाकून ठेवायची, पाहुण्यांना दाखवायची, आणि एक दिवस चाकाला हात लावावा तर आरे गळून पडावेत. लाकडाला काम पाहिजे. माणसालाही.

आपल्या लोकांनीही याच मालकाकडून धडे घेतले. विंचुर्णीला, म्हणजे फलटण तालुक्यात, समुद्रापासून दूर राहणारे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. कमांडर दिलीप दोंदे इंग्लंडात नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली शिकून आले आणि २०१० साली प्रदक्षिणा पुरी केली. २०१३ मध्ये अभिलाष टोमी तर कुठेही न थांबता आले. पुढे टोमींसाठी दांडेकरांच्याच कारखान्यात सुहेलीची हुबेहूब जुळी बहीण 'थुरिया' बांधली गेली. २०१८ च्या शर्यतीत वादळाने तिची डोलकाठी मोडली. टोमींना वाचवले गेले.

थोरली सुहेली मात्र २२ एप्रिल २०१९ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, पुन्हा फालमथ बंदरात शिरली. सुकाणूवर तोच मालक, वय ऐंशी. किनाऱ्यावरच्या गर्दीने त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यांतल्या निम्म्या कुलाब्यात एक डोळा बारीक करून फळी तासणाऱ्यांच्या होत्या, असे आपण समजू.