कैदी क्रमांक ९६५३

अमेरिकेत रिपब्लिकन व डेमोक्रॅटिक या दोनच पक्षांकडे सत्ता आलटून पालटून जात आली आहे. तिसऱ्या पक्षाला दिलेले मत वाया गेले, असाच तेथे सर्वसाधारण समज. युजीन डेब्स यांचे चरित्र या समजाला उत्तर देते.

१८५५ साली इंडियाना राज्यात जन्मलेल्या डेब्स यांची शाळा चौदाव्या वर्षीच सुटली. रेल्वेच्या कारखान्यात ते इंजिने साफ करू लागले. पुढे कामगारांचे पुढारी झाले. १९०० ते १९२० या काळात समाजवादी उमेदवार म्हणून त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पाच वेळा लढविली.

१९१८ साली महायुद्धाविरुद्ध केलेल्या भाषणाबद्दल त्यांना दहा वर्षांची सजा झाली. १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढविली. अनुयायी 'कैदी क्रमांक ९६५३' असे बिल्ले लावून प्रचार करीत. नऊ लाखांहून अधिक मते पडली. राज्य मात्र एकही मिळाले नाही. १९२१ च्या नाताळात त्यांची सुटका झाली.

मग ती मते वाया गेली काय? त्यांच्या पक्षाच्या १९१२ च्या जाहीरनाम्यात स्त्रियांना मताधिकार आणि सोळा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी, या मागण्या होत्या. पहिली १९२० साली मान्य झाली. बालमजुरीवर देशव्यापी निर्बंध १९३८ साली आले. श्रेय एकट्या डेब्स यांचे नव्हे. पण हरण्याची तयारी ठेवून बोलणाऱ्यांत ते होते.

विद्यार्थी मित्रांनो, संख्येने थोडे असणे म्हणजे चुकीचे असणे नव्हे. आणि पालकहो, ज्याची शाळा चौदाव्या वर्षी सुटली, त्यानेच मुलांना कामातून सोडविण्याची मागणी लावून धरली, हे आपण विसरू नये.