बाहुलीच्या मापाचा कपडा

बाहुलीचा झगा उलटा करून पाहिला की पाठीवर एक टिचबटण दिसतं. बाहुलीची पाठ जेमतेम दोन बोटांची, आणि त्यावरचं हे बटण चांगलं शर्टाच्या गुंडीएवढं. याहून बारीक बटण लहान मुलांच्या हातांना लावता येत नाही. दोरा माणसांच्या कपड्यांचाच, कापडाची वीणही तीच. बाहुलीचे हात वाकत नाहीत, म्हणून बाही गरजेपेक्षा ढगळ. शिवणारीला हे सगळं दिसत असतं, खेळणारीला त्याचं काही वाटत नाही. मार्टिन मार्जिएला या बेल्जियन डिझायनरनं १९९४-९५च्या हिवाळी कलेक्शनमध्ये हीच बेढब मापं उचलली, ५.२ पट मोठी केली आणि जित्याजागत्या बायकांच्या अंगावर चढवली.

बाहुली आणि फॅशन यांची सोयरीक जुनी आहे, पण आधी वाट उलटी होती. फॅशनची मासिकं निघण्यापूर्वी, सतराव्या-अठराव्या शतकांत, पॅरिसचे शिंपी नव्या धाटणीचे कपडे बाहुल्यांना घालून परदेशच्या दरबारांत पाठवत. या बाहुल्यांना ‘पँडोरा’ म्हणत. मोठी पँडोरा दरबारी पोशाखात, धाकटी घरगुती पेहरावात. मारी आंत्वानेतचे कपडे करणारी रोझ बेर्तां अशा बाहुल्या सजवून देत असे. त्या खेळण्यासाठी नव्हत्याच. पाहायच्या, चुण्या मोजायच्या आणि तसंच मोठ्या मापात शिवायचं, एवढंच त्यांचं काम.

बाहुलीचा हा कामकरी जन्म विसाव्या शतकापर्यंत टिकला. मादलेन व्हिओने हिनं कापड उरेब कापण्याची कला कळसाला नेली. ती सुमारे ८० सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पुतळीवर कापड सोडून रचना ठरवायची आणि मग ती मोठ्या मापात न्यायची. दुसऱ्या महायुद्धानं कापडाचा दुष्काळ पडला, तेव्हा पॅरिसच्या नामांकित शिवणघरांनी १९४५च्या मार्चमध्ये सुमारे ७० सेंटिमीटरच्या तारेच्या बाहुल्यांवर आपलं नवं काम मांडलं. ‘तेआत्र द ला मोद’ नावाचं ते प्रदर्शन पुढे अमेरिकेतही गेलं. अख्ख्या झग्याला पुरेल एवढं कापड नव्हतं, बाहुलीपुरतं होतं.

पण बाहुलीचे कपडे बदलता आल्याशिवाय खेळात फॅशन शिरत नाही. आपल्याकडच्या लाकडी ठकीचं लुगडं तिच्या अंगावरच रंगवलेलं. ठकी जन्मभर त्याच लुगड्यात. लंडनच्या एस. अँड जे. फुलर यांनी १८१० साली ‘लिटल फॅनी’ नावाची कागदी बाहुली विकायला आणली, तिला वेगवेगळे पोशाख चढवता येत. कागदी बाहुल्यांचा हा खेळ पुढे घरोघर पोचला. अल्जीरियातल्या ओरान शहरात १९५३ ते १९५५च्या दरम्यान एक पोरगा आईच्या मासिकांतल्या मॉडेल कात्रीनं कापून त्यांच्यासाठी कपडे रंगवत बसे. बाहुल्या अकरा आणि त्यांचे कपडे-दागिने शेकडो. एवढ्यावर न थांबता त्यानं त्यांचं एक काल्पनिक फॅशन हाऊसही थाटलं होतं. १९५५ साली तो ख्रिस्तिआँ दिओरकडे कामाला लागला. त्याचं नाव इव्ह सां लोराँ. त्या कागदी बाहुल्या आजही जपून ठेवलेल्या आहेत.

बार्बीची मुळंही कागदातच. आपली मुलगी बार्बरा कागदी बाहुल्यांना मोठ्या बायका समजून खेळते, हे मॅटेल कंपनीच्या रुथ हँडलरनं पाहिलं. त्या वेळी दुकानांत बहुतेक तान्ह्या बाळांच्याच बाहुल्या. पुढे युरोपच्या सफरीत तिला लिली ही जर्मन बाहुली दिसली आणि नमुना सापडला. ९ मार्च १९५९ला न्यूयॉर्कच्या खेळणी मेळाव्यात बार्बी लोकांसमोर आली. साडेअकरा इंच उंच, अंगात काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा पोहण्याचा पोशाख. बाकीचे कपडे वेगळे विकत घ्यायचे, धंद्याची खरी मेख तीच. ते आखले शार्लट जॉन्सन हिनं आणि शिवले जपानमध्ये.

या बार्बीसाठी बेल्जियममधल्या गेंकजवळ वाढणारा मार्जिएला लहानपणी कपडे शिवायचा. आजी शिवणकाम करणारी, तेव्हा चिंध्यांना तोटा नव्हता. पुढे अँटवर्पच्या कला अकादमीत शिकून तो पॅरिसला जाँ-पॉल गोतिएचा साहाय्यक झाला. हा गोतिएही त्याच पंगतीतला. त्यानं लहानपणी ‘नाना’ नावाच्या टेडी अस्वलाला कागदाची टोकदार चोळी करून घातली होती. १९९० साली मॅडोनाच्या अंगावर जगानं पाहिलेल्या त्या शंकूच्या आकाराच्या चोळीची आद्य मॉडेल हे अस्वल.

मार्जिएलानं मात्र खेळाची आठवण घेतली नाही, खेळण्याचं माप घेतलं. आता साडेअकरा इंचांना ५.२नं गुणलं तर पाच फूट होतात, बाईचीच उंची. कपडा अंगाला येतो, पण त्यावरच्या वस्तू येत नाहीत. सात मिलिमीटरचं टिचबटण साडेतीन सेंटिमीटरचं होतं. दीड मिलिमीटरची लोकर जवळजवळ आठ मिलिमीटर जाड होते आणि ती विणायला तशाच जाड सुया लागतात. चेनचे दात राक्षसी होतात. कडेला सोडलेली अर्ध्या सेंटिमीटरची माया अडीच सेंटिमीटरवर जाते. एखाद्या शिंप्यानं हे सगळं मुकाट्यानं दुरुस्त करून दिलं असतं. मार्जिएलानं उलट ती विसंगती राखली आणि हा बाहुलीच्या कपड्याचा मोठा केलेला नमुना आहे, मापांतले दोषही तसेच ठेवले आहेत, असं कपड्यावरच्या पट्टीवर छापूनही टाकलं. स्वेटर, जीन्स, जाकीट असे साधेच कपडे. लांबून पाहावं तर काही वेगळं नाही. जवळ गेलं की बटण अंगावर येतं.

त्यानंतर खेळण्यातून कलेक्शन काढणाऱ्यांची रांग लागली. व्हिक्टर अँड रॉल्फ यांनी १९९९ साली एकाच मॉडेलला फिरत्या चौथऱ्यावर उभं करून तिच्या अंगावर एकावर एक झगे चढवत नेले, रशियन बाहुल्यांच्या चालीवर. कॉम दे गार्सोंच्या री कावाकुबोनं २०१२च्या हिवाळ्यासाठी फेल्टचे सपाट, कागदी बाहुलीला शोभतील असे कोट केले. मॉस्किनोसाठी जेरेमी स्कॉटनं आधी बार्बीचं गुलाबी कपाट रॅम्पवर आणलं, आणि पुढे कागदी बाहुलीच्या कपड्यांना असतात तशा घडीच्या पांढऱ्या पट्ट्यांसकट झगे. कावाकुबोचं काम सोडलं तर यात गंमत आहे, शिवणाचा विचार कमी. गुलाबी रंग कुणालाही लावता येतो.

मार्जिएलानं २००९मध्ये आपलं फॅशन हाऊस सोडलं. २०१८ साली पॅरिसच्या पॅले गॅलिएरा संग्रहालयात त्याच्या वीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथवर जाणं काही सगळ्यांना जमणारं नाही. पण घरातल्या माळ्यावर एखादी जुनी बाहुली पडलेली असेल, तर तिचा झगा उतरवून आतली शिवण जरूर पाहा आणि बटणाचं माप घेऊन त्याला पाचानं गुणा.